शब्द, जामीन आणि रामरथ

“पूर्वी तोंडी शब्दावर लाखाचे व्यवहार व्हायचे, आता स्टॅम्पपेपरही पुरत नाही.” नाशकात हे लग्नाच्या मांडवात ऐकू येतं आणि मार्केट यार्डातही. पंचवटीच्या गावात असं वाटणं साहजिक आहे. बापाचं वचन खरं करायला वनवास पत्करलेल्या एकवचनी रामामुळे तर हे तीर्थ झालं. पण मागच्या अडीचशे-तीनशे वर्षांकडे पाहिलं की वेगळंच काही दिसतं.

मराठेशाहीत नुसत्या शब्दावर फारसं कोणी विसंबत नसे. कर्जाला खत, म्हणजे लेखी कर्जरोखा लागे, खताला जामीन लागे. गावच्या महजरावर, म्हणजे गावसभेच्या निवाड्याच्या कागदावर, कुणब्याच्या नावापुढे नांगराची निशाणी असे. साक्षीपुराव्याने वाद मिटला नाही, तर देवापुढे बेलभंडार, म्हणजे बेलाची पानं आणि भंडारा, उचलून शपथ घ्यायला लावत. तेवढ्यानेही भागलं नाही तर दिव्य: उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायचा, आणि हात किती भाजला यावरून खरं-खोटं ठरायचं. माणसं सहज शब्द पाळत असती, तर ही व्यवस्था उभी राहिलीच नसती.

थोरामोठ्यांचं काय? १७६७ मध्ये थोरले माधवराव आणि रघुनाथराव यांच्यात इथेच, आनंदवल्लीला समेट झाला. पुढच्याच वर्षी काका-पुतण्यांच्या फौजा धोडपच्या किल्ल्यापाशी भिडल्या.

इंग्रजी अमलात शब्दाची जागा कोर्टाने घेतली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर दावा लावायला तीनच वर्षं दिली. हेतू कर्जदार कुळाच्या सोयीचा होता, पण सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवं खत करून घेऊ लागला. अंगठा उठवणाऱ्याला आत काय लिहिलंय ते कळत नसे. मे १८७५ मध्ये सुप्यापासून दंगे पेटले आणि पुणे-नगरकडच्या गावांत लोकांनी सावकारांची खतं जाळली. १८७९ चा शेतकरी कायदा आला तो या अनुभवातून; शेतकऱ्याचं खत सरकारी माणसासमोरच लिहिलं जावं, अशी तरतूद त्यात होती.

नाशिकपुरतं बोलायचं तर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो १९३० चा चैत्र. २ मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला होता, दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. मंदिराचे दरवाजे बंद होते. एप्रिलमध्ये रामाचा रथ निघण्याची वेळ आली, तेव्हा तडजोड ठरली की सवर्ण आणि अस्पृश्य, दोन्हीकडच्या लोकांनी मिळून रथ ओढायचा. बोलणी रीतसर झाली होती. प्रत्यक्षात सत्याग्रहींचा हात लागण्याआधीच रथ पळवला गेला आणि त्यांच्यावर दगड पडले. रथ रामाचा होता, आणि ओढणारे गावातले मानाचे, शब्दाला जागणारे म्हणून ओळखले जाणारे लोक होते. आपसातल्या व्यवहारात ते खरोखर जागतही असतील. पण अस्पृश्यांना दिलेला शब्द त्यांच्या हिशेबी शब्दच नव्हता. ‘पूर्वीची माणसं’ म्हणताना हे आपण सोयीने विसरतो.

याच जिल्ह्यात उलट उदाहरणही घडलं. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. ते वचन पूर्ण झालं १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरातल्या धर्मांतराने. मधल्या २१ वर्षांत ना कोणाची जामीनकी होती, ना कोर्टाचा धाक.

अर्थात जुन्या आठवणी निव्वळ खोट्या नाहीत. सोयरीक, पंगत, उधारी सगळं त्याच चार गल्ल्यांत असेल, तर शब्द फिरवणं महागात पडे. जात पंचायत वाळीत टाके. तिचा जाच किती होता ते वेगळं सांगायला नको. माणसं रोजगारासाठी पांगली तसा तो धाक गेला, आणि त्याच्या जागी कायद्याची कलमं आली. चेक न वटणं हा फौजदारी गुन्हा झाला तोसुद्धा १९८९ पासून.

द्राक्षबागांत हे दरवर्षी दिसतं. बाहेरून आलेला व्यापारी बागेवरच सौदा करतो, पहिल्या गाड्यांचे पैसे चोख देतो आणि शेवटचा माल उचलून पसार होतो. २०२० मध्ये पोलिसांना असे पैसे वसूल करून देण्याची मोहीमच हाती घ्यावी लागली. म्हणून आता शहाणा बागायतदार व्यापाऱ्याला विचारतो, “इथलं तुमच्या ओळखीचं कोण आहे?”