चुंबकाला चिकटलं म्हणून उल्का नव्हे

तापीच्या पात्रात वाळूतून लोहचुंबक फिरवा, काही क्षणांत त्याला काळी दाढी फुटते. हौशी मंडळी या कणांना ‘उल्काधूळ’ म्हणून मोकळी होतात. खानदेशात तरी ही घाई नको. इथला बहुतेक दगड बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा दगड, आणि बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज असतंच. दगड झिजून माती झाली तरी ते टिकतं आणि पुराबरोबर वाळूत येऊन बसतं.

भिंगाखाली हे कण बहुधा कोनदार, फुटक्या कडांचे दिसतात. मधूनच एखादा केसाच्या जाडीएवढा, अगदी गोल आणि चकचकीत निघतो. खरा प्रश्न इथे सुरू होतो. वितळलेला थेंब हवेत थिजला की असा गोळा होतो. अशनीच्या आघातात ते घडतं, तसंच दगडी कोळशाच्या भट्टीतही घडतं. भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक केंद्रातून निघते तसल्या राखेत असे गोळे असतात. वेल्डिंगच्या ठिणग्यांतूनही ते पडतात. शिवाय कुठलाही आघात न होता पृथ्वीवर दरवर्षी सुमारे पाच हजार टन अवकाशधूळ येते, तिच्यातही वितळलेले गोळे असतातच. म्हणजे एक गोळा सापडला, तर सिद्ध काहीच होत नाही.

मग गोळ्याची रासायनिक तपासणी करतात. टायटॅनियम भरपूर असेल तर संशय घरच्याच दगडावर जातो; निकेल असेल तर आकाशाकडे बघायला थोडा आधार मिळतो. पण त्याहून मोलाचा प्रश्न म्हणजे गाळाच्या ज्या थरात गोळे सापडले, त्याच्या वरच्या आणि खालच्या थरांत काय आहे? तिथेही तेवढेच गोळे असतील, तर तो विशेष थर राहतच नाही. नेमकं हेच अनेकदा तपासायचं राहून जातं.

सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेवर धूमकेतू फुटला, असा दावा २००७ मध्ये झाला. चुंबकीय गोळे हा त्याचा एक आधार होता. २००९ मध्ये दुसऱ्या गटाने सात ठिकाणी तीच पद्धत वापरली, पण त्या काळच्या थरात गोळ्यांची अपेक्षित वाढ दिसली नाही. २०१४ मध्ये कालमापन तपासलं, तेव्हा २९ ठिकाणांपैकी तीनच ठिकाणांचे थर त्या काळात नीट बसले. समर्थकांनी हार मानलेली नाही. मला मात्र पुरावा अजून तोकडा वाटतो. जॉर्डनमधलं एक प्राचीन शहर आकाशातल्या स्फोटाने जळालं, हा २०२१ चा गाजलेला शोधनिबंध तर नियतकालिकाने २०२५ मध्ये मागेच घेतला.

डायनोसॉर संपवणाऱ्या आघाताचा पुरावा टिकला तो याच कसोट्यांवर. १९८० मध्ये अल्वारेझ पितापुत्रांच्या गटाला इटलीतल्या पातळ चिकणमातीत इरिडियम, म्हणजे जमिनीवर दुर्मीळ पण अशनींत जास्त असणारा धातू, प्रमाणाबाहेर सापडलं. मग जगभर त्याच वयाच्या थरात ते मिळत गेलं, आघाताच्या दाबाने रेषा उमटलेले क्वार्ट्झचे कण मिळाले, आणि शेवटी मेक्सिकोतलं चिक्शुलूब विवरही.

बेसाल्टच्या मुलखात यातली क्वार्ट्झची खूण फारशी उपयोगी नाही, कारण या दगडात क्वार्ट्झ जवळपास नसतोच. जळगाव जिल्ह्याच्या शेजारी, बुलढाण्यातल्या लोणारला म्हणूनच दुसरा साक्षीदार धरावा लागला: आघाताच्या दाबाने काच झालेलं फेल्डस्पार, म्हणजे बेसाल्टमधलंच एक खनिज. आघात तर सिद्ध झाला, पण कधीचा? एका पद्धतीने वय सुमारे ५२ हजार वर्षं आलं, नंतर आर्गॉन पद्धतीने सुमारे पावणेसहा लाख! वय चुकलं, की गाळातला कुठलाही थर कुठल्याही घटनेला चिकटवता येतो.

चाळीसगावजवळच्या पाटणे इथल्या उत्खननात हा प्रश्न बराच सुटला, कारण तिथे शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली. रेडिओकार्बनने कवचाचंच वय मोजता आलं: सुमारे २५ हजार वर्षं. तापीकाठच्या दरडीत असं काही हाती लागेलच असं नाही. मग शेवटचं ऊन कधी लागलं, म्हणजे गाळाखाली कधी गाडले गेले, हे वाळूच्या कणांकडूनच काढून घ्यावं लागतं. त्यासाठी अपारदर्शक नळी दरडीत ठोकून नमुना घेतात आणि उजेड न लागू देता प्रयोगशाळेत नेतात. गोळे मोजणाऱ्यालाही कुठली पिशवी कुठल्या थरातली हे मोजणी संपेपर्यंत सांगायचं नाही. आणि नमुना शेताच्या अगदी वरच्या मातीतला असेल, तर पहिली चौकशी दीपनगरकडेच करायची.