वादळ कुठल्या भरतीला गाठतं?

२९ जानेवारी १९५३ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण झालं. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका सरळ रेषेत आले. अशा वेळी समुद्राला उधाण येणारच, पण पाणी त्याच दिवशी पुरतं चढत नाही. ब्रिटन आणि युरोपच्या मुख्य भूमीमधल्या उत्तर समुद्राच्या दक्षिण काठावर त्याला एक-दोन दिवस उशीर होतो. म्हणजे तिथली मोठी भरती ३१ तारखेच्या रात्री येणार होती, आणि हे महिनोन् महिने आधी छापलेल्या भरतीच्या तक्त्यांतही होतं. तक्त्यांत नव्हतं ते वादळ. स्कॉटलंडच्या डोक्यावरून वळसा घालून ते त्याच शनिवारी उत्तर समुद्रात उतरलं.

नेदरलँड्समध्ये संध्याकाळी हवामान खात्याचा इशारा गेला, पण शनिवार-रविवारमुळे बरीच कार्यालयं बंद होती. मध्यरात्री रेडिओही रोजच्यासारखा बंद झाला. पहाटे बांध फुटायला लागले, तेव्हा बहुतेक गावं झोपेत होती. तिथे १,८३६ माणसं गेली आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०७.

हिवाळी वादळांबद्दल बोलताना आपण वाऱ्याचा वेग विचारतो. मला वाटतं पहिला प्रश्न वेगळा हवा: हे वादळ कुठल्या भरतीला गाठणार? किनाऱ्यावर दोन घड्याळं चालू असतात. एक भरती-ओहोटीचं, इतकं काटेकोर की पुढच्या कित्येक वर्षांच्या वेळा आज सांगता येतात. दुसरं वादळाचं, मनमानी. दोन्हींचे काटे एकत्र आले की घात होतो.

पहिलं घड्याळ आधी बघू. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य मिळून पाणी ओढतात, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ काटकोनात येते, ती भांगाची भरती. ओढीचा हा परिणाम अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे चंद्र थोडासा जवळ आला तरी पाणी बरंच जास्त चढतं. सूर्याचंही तसंच. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे उत्तर गोलार्धातल्या ऐन हिवाळ्यात, वादळांच्या मोसमात. हा निव्वळ योगायोग, पण किनाऱ्यावर राहणाऱ्यांना महागात पडणारा.

आता वादळ पाण्याला वर कसं उचलतं ते. वातावरणाचा दाब समुद्राला सतत खाली दाबून धरत असतो. तो एक हेक्टोपास्कलने (हे हवेचा दाब मोजायचं एकक) उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येतं. नेहमीचा दाब १०१३ धरला आणि वादळाच्या मध्यभागी तो ९६३ झाला, तर तेवढ्यानेच पाणी अर्धा मीटर फुगलं. पण खरं काम वारा करतो. तो पृष्ठभागावरचं पाणी किनाऱ्याकडे लोटत राहतो. समुद्र खोल असेल तर हे पाणी खालून परत निघून जातं. उथळ असेल तर त्याला जायला वाट मिळत नाही आणि ते साचत जातं. उत्तर समुद्र उत्तरेकडे रुंद आणि खोल, दक्षिणेकडे अरुंद आणि जेमतेम तीसएक मीटर खोल. उत्तरेचा वारा या नरसाळ्यात पाणी ओततो म्हणा ना. १९५३ मध्ये काही ठिकाणी या फुगवट्याची भर तीन मीटरच्या आसपास होती.

हाच फुगवटा ओहोटीच्या वेळी आला तर? जिथे भरती-ओहोटीत तीन मीटरचा फरक असतो, तिथे मीटरभर फुगवटा ओहोटीला आल्यावर फक्त चिखल झाकला जातो. भांगाच्या दिवसांत तर त्याच्यामुळे उधाणाइतकंच पाणी चढेल, आणि कुणाला त्याचं काही वाटणार नाही. म्हणजे तेच वादळ सहा तास पुढेमागे झालं, तर एकीकडे बातमी होते आणि दुसरीकडे होत नाही.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बोस्टनचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. ७ फेब्रुवारी १९७८ ला अमावास्या होती आणि चंद्रही पृथ्वीच्या जवळ होता. तेव्हाच्या बर्फाच्या वादळात बंदरातलं पाणी विक्रमी उंचीवर गेलं. तो विक्रम ४० वर्षं टिकला आणि ४ जानेवारी २०१८ ला थोडक्या फरकाने मोडला. त्या दिवशीची जुळणी पाहा: पौर्णिमा होऊन दोन-तीन दिवस झालेले, त्याच सुमाराला चंद्र वर्षभरात पृथ्वीच्या सर्वांत जवळ येऊन गेलेला, आणि सूर्याजवळचं आपलं स्थान पृथ्वीने आदल्याच दिवशी ओलांडलेलं. त्यात मधल्या चाळीस वर्षांत तिथला समुद्र दहाएक सेंटिमीटर वर चढलेला. म्हणून दुसऱ्या वेळी विक्रम मोडायला वादळाला तितकं कष्टावं लागलं नाही. मॅसॅच्युसेट्सच्या किनारी गावांत रस्त्यांवर शिरलेलं पाणी नंतर थंडीने गोठलं आणि उभ्या गाड्या बर्फात रुतून बसल्या.

जाता जाता एक गंमत. दोन्ही वेळा बोस्टनला पाणी सर्वांत वर पोहोचलं ते दुपारी बाराच्या आगेमागे. एखाद्या बंदरात उधाणाची भरती दरवेळी साधारण त्याच वेळेला येते, कारण अमावास्या-पौर्णिमेला सूर्याच्या संदर्भात चंद्राची जागा ठरलेली असते. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरची उधाणाची वेळ एकदा माहीत झाली की जन्मभर उपयोगी पडते.

आणि लाटा? फुगलेल्या पाण्यावर त्या वेगळ्याच. लाट किनाऱ्याशी किती उंच राहू शकते हे तिथल्या खोलीवर ठरतं. उंची खोलीच्या साधारण पाऊणपट झाली की ती फुटते. धक्क्यासमोर एक मीटर पाणी असेल तर जास्तीत जास्त पाऊण मीटरची लाट भिंतीपर्यंत पोहोचते, बाकीच्या बाहेरच फुटतात. तीन मीटर असेल तर सव्वादोन मीटरची लाट थेट भिंतीवर येते. लाटेतली ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे धक्का तिपटीचा नव्हे, नऊपटीचा. ओहोटीला जिथे उभं राहून मजेत फोटो काढला, तीच जागा भरतीला जीवघेणी होते ती यामुळे.

लाटा बघायला गेलेल्यांची चूक बहुधा एकाच प्रकारची असते. ते दहा मिनिटं पाहतात, सर्वांत लांब आलेल्या लाटेपासून चार पावलं मागे उभे राहतात आणि सुरक्षित आहोत असं समजतात. पण वादळी समुद्रात लाटा सारख्या नसतात. बऱ्याच मध्यम लाटांनंतर कधीतरी त्यांच्या जवळजवळ दुप्पट उंचीची एक येते. दहा मिनिटांत ती दिसली नाही याचा अर्थ एवढाच की ती अजून यायची आहे. एक घनमीटर समुद्राचं पाणी टनाहून जास्त भरतं. ते अंगावर येतं तेव्हा पाडतं, आणि भिंतीवरून परत जाताना ओढून नेतं. वाळूवर आलेला लाकडाचा ओंडकाही तसाच फसवा. वितभर पाण्यातही तो उचलला जाऊन गडगडू शकतो, आणि त्याच्यावर चढून उभा राहिलेला माणूस त्याच्याखाली सापडतो.

हिवाळ्यातलं पाणी आणखी एक गोष्ट करतं. अतिथंड पाण्यात पडताक्षणी माणूस नकळत मोठ्याने श्वास ओढतो आणि मग धापा टाकू लागतो. तो पहिला श्वास पाण्याखाली घेतला गेला, तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. हा झटका मिनिट-दोन मिनिटांत ओसरतो. म्हणून त्या वेळात हातपाय मारायचे नाहीत. उताणं होऊन, तोंड पाण्याबाहेर ठेवून तरंगायचं आणि श्वास ताब्यात आल्यावर पुढचं पाहायचं. काठावरच्याने मागोमाग उडी टाकली तर बहुतेक वेळा वाचवायची माणसं दोन होतात. दोर, रिकामा कॅन, हाताला येईल ते तरंगणारं फेकायचं, बचाव पथकाला बोलवायचं आणि बोट दाखवत बुडणाऱ्यावरून नजर हलवायची नाही.

रस्त्यावरच्या वाहत्या पाण्याबद्दल लोक उगाच बेफिकीर असतात. घोट्याच्या जरा वर, सुमारे १५ सेंटिमीटर खोल पाणी वेगाने वाहत असेल तर मोठ्या माणसाला पाडू शकतं. साठ सेंटिमीटरमध्ये बहुतेक गाड्या तरंगून वाहू लागतात.

अंदाज चांगले झाले की काय फरक पडतो, ते ५ डिसेंबर २०१३ ला दिसलं. उत्तर समुद्रात तसंच वादळ, तशीच मोठी भरती, आणि काही ठिकाणी पाणी १९५३ पेक्षाही वर. पण इशारा आधी गेला होता, हजारो लोकांना घरांतून हलवलं होतं, थेम्स नदीवरचे अजस्र दरवाजे बंद केले होते. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर घरांत पाणी शिरलं, नुकसान झालं, पण १९५३ सारखे शेकडो बळी गेले नाहीत.

एक चूक मात्र अजून होते. पहिली भरती ओसरली, पाणी उतरलं, की माणसं कागदपत्रं, कपडे, जनावरं पाहायला घराकडे वळतात. वादळ रेंगाळलं असेल तर बारा-साडेबारा तासांनी दुसरी भरती येते आणि पाणी पुन्हा चढतं. मार्च १९६२ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एक वादळ असं रेंगाळलं की लागोपाठ पाच भरत्या त्याने गाठल्या. प्रत्येक भरती आधीच्या भरतीने खचवलेल्या वाळूवर आणि भिंतींवर आदळत होती.

१९५३ ला नेदरलँड्समध्येही असंच झालं. पहाटेच्या पाण्यातून वाचलेली कित्येक माणसं रविवारी सकाळी माळ्यांवर, छपरांवर बसून होती. मधल्या ओहोटीत पाणी थोडं उतरलं. बांधांना पडलेली भगदाडं मात्र तोवर रुंद झाली होती आणि विटांची घरं भिजून खिळखिळी झाली होती. दुपारच्या भरतीला अनेक ठिकाणी पाणी पहाटेपेक्षाही वर चढलं आणि छपरांवर बसलेल्या माणसांसकट घरं कोसळली.