फोनवर ‘व्हेज’ म्हणताना चीजचंही सांगा

नमस्कार मंडळी, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आपल्या डेलीत, म्हणजे चीज, हॅम आणि तयार जेवणाच्या दुकानात, मराठी-गुजराती घरं खूप येतात, आणि दर शनिवारी एकच गोष्ट होते. फोनवर “सगळं व्हेज द्या” अशी ऑर्डर येते, आणि पिकअपला आल्यावर डबा उघडून विचारतात, “अहो, चीजमध्ये रेनेट नाही ना?” (रेनेट म्हणजे चीजसाठी दूध घट्ट करायला घालतात ते.) तोपर्यंत गरम पास्त्यावर चीज किसून पडलेलं असतं, ते वेगळं काढता येत नाही आणि दिलेला डबा परत घेऊन दुसऱ्या कुणाला देताही येत नाही, टाकावाच लागतो. अन्न टाकायचं अगदी जिवावर येतं, आणि नवीन करून देईपर्यंत लाइन दारापर्यंत गेलेली असते.

तर नीट सांगते. अस्सल पार्मिजानो रेज्जानो हे इटालियन चीज व्हेज नाही. त्यात दूध, मीठ आणि रेनेट एवढंच असतं, पण ते रेनेट वासराच्या जठरातलं असतं, आणि इटलीच्या नियमाप्रमाणे दुसरं वापरलं तर चीजला ते नाव लावताच येत नाही. ग्राना पादानो चीजलाही वासराचंच रेनेट, पेकोरिनो रोमानोला कोकराचं. आणि पेस्तो, म्हणजे पास्त्याला लावायची हिरवी चटणी, नुसती बेझिल आणि तेल नव्हे, त्यातही अशीच चीजं पडतात. इथल्या सुपरमार्केटमधल्या ‘पार्मेझान’ नावाच्या चीजवर बऱ्याचदा फक्त ‘एन्झाइम्स’ लिहिलेलं असतं, त्यावरून काहीच कळत नाही, कंपनीला विचारावं लागतं.

काहीजण म्हणतात मग तुम्ही ते ठेवताच कशाला. अहो, किमान १२ महिने मुरलेल्या त्या पार्मिजानोची रिसोत्तोला, म्हणजे इटालियन मऊ भाताला, जी चव येते ती दुसऱ्याने येत नाही, आणि खास त्याच्यासाठी येणारी गिऱ्हाइकंही आहेत. म्हणून दोन्ही ठेवतो. मायक्रोबियल रेनेटची, म्हणजे प्राण्याऐवजी सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटची, चीजं वेगळ्या काचेच्या कपाटात, त्यांचा स्लायसर वेगळा, सुरीला हिरवी टेप, हॅमचा हात तिकडे लागत नाही. पेस्तोही तसा वेगळा करतो, फक्त मागावा लागतो.

त्यामुळे फोनवर एवढं सांगा: प्राण्याचं रेनेट चालतं का, अंडं चालतं का, लसूण चालतो का. ताज्या तालियातेले पास्त्यात अंडं असतं, कोरड्या स्पगेटीत नुसता रवा आणि पाणी. तिरामिसूत अंडं आहेच. पुत्तानेस्का सॉस टोमॅटोसारखा लाल दिसतो म्हणून व्हेज समजू नका, त्यात अँकोव्ही म्हणजे मासे असतात. श्रावणात एरवी अंडं खाणारेही खात नाहीत, तेव्हा तर आठवणीने सांगा.

आमचं मोझरेला मात्र बिनधास्त घ्या. मायक्रोबियल रेनेटचं कर्ड (दही नव्हे, दुधाचा घट्ट झालेला गोळा) आणतो, मिठाच्या कढत पाण्यात हाताने ओढत राहतो, चकचकीत झालं की अंगठा आणि बोटाच्या मध्ये पिळून गोळा तोडतो, मोदकाचं तोंड मिटतो ना, तसंच. इटालियनमध्ये मोत्सारे म्हणजे तोडणं, नाव त्यावरूनच आलं. शक्यतो त्याच दिवशी खा. फ्रीजमध्ये ठेवलंत तर त्याच्या पाण्यासकट ठेवा आणि खायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. शनिवारी सकाळी ११ ला पहिला घाणा निघतो, शुक्रवारी फोन केलात तर तुमच्या नावाने बाजूला ठेवते.