पळसाला पाने चार

एका तरुण चित्रकर्तीचं पहिलंच प्रदर्शन. पिवळट कागद, मधोमध पळसाची फांदी, खाली तिरक्या अक्षरांत लॅटिन नाव, कोपऱ्यात शेंग सुटी काढलेली. वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक चष्मा कपाळावर सारून चित्राला जवळजवळ नाक लावून उभे होते.

"अगं, पळसाला पानं तीनच असतात. तू चार काढलीस!"

"माहितीये सर, म्हणूनच काढली."

सरांना काही ते पटलं नाही. पण घोटाळा सरांचा एकट्याचा नाही. निसर्ग-अभ्यासासाठी काढलेलं शास्त्रीय चित्र आणि त्या शैलीवरून सुचलेलं आजचं चित्र भिंतीवर शेजारी लावलं, तर भल्याभल्यांची गल्लत होते.

अनेकांना वाटतं की शास्त्रीय चित्र म्हणजे जसंच्या तसं आणि दुसरं म्हणजे कल्पनेतलं. हे अर्धंच खरं. पळसाचंच बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड फुलतं तेव्हा फांदीवर पानं जवळजवळ नसतातच. फुलं सरता सरता नवी पालवी येते आणि चपट्या शेंगा उन्हाळ्यात वाळतात. शास्त्रीय चित्रात मात्र फूल, पूर्ण वाढलेलं पान आणि पक्व शेंग एकाच कागदावर असतात. असं झाड रानात कुणी पाहिलेलं नाही. चित्रकार महिनोन्‌महिने वाट बघतो, एकेक भाग मिळेल तसा काढतो आणि अनेक नमुन्यांतून एक पळस उभा करतो. किड्यानं कुरतडलेलं पान तो गाळतो. एखादं पान मुद्दाम उलटं दाखवतो, कारण खालच्या बाजूची लव ओळखीला लागते. पाकळ्या उकलून दहा पुंकेसर दाखवतो, त्यातले नऊ जुळलेले आणि एक सुटा. शेजारी मापाची रेघ असते. ते कुणा एका झाडाचं चित्र नसतं, अख्ख्या जातीचं असतं. फोटोला हे जमत नाही, म्हणून हाताने काढलेल्या चित्रांची गरज आजही संपलेली नाही.

(म्हणीतली 'तीन पानं' म्हणजे खरं तर एकाच पानाच्या तीन पर्णिका. पण म्हणीला कोण दुरुस्त करणार?)

या चित्रांचं वजन किती, ते 'हॉर्टस मलाबारिकस'वरून कळतं. मलबारातल्या वनस्पतींचा हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमहून १२ खंडांत निघाला. त्याच्या कामात रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्यही होते. पुढे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं त्यातल्या चित्रांचा आधार घेऊन अनेक वनस्पतींना नावं दिली. त्यातल्या काही नावांपुरतं आजही ते छापील चित्रच पुरावा मानलं जातं. तिथे चौथं पान काढणं म्हणजे दस्तऐवजात खाडाखोड.

आपल्याकडचं उदाहरण दापोडीचं. पुण्याजवळच्या तिथल्या बागेत तिचा प्रमुख अलेक्झांडर गिब्सननं १८४७ ते १८५० च्या सुमारास १७० च्या आसपास वनस्पतीचित्रं काढून घेतली. ती आता एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढंच कळतं. नाव कुणी लिहून ठेवलं नाही. मला हे खटकतं, पण त्या कामाची रीतच तशी होती: झाड ओळखू आलं की झालं, हात कुणाचा हे कोण विचारतो?

दुसऱ्या प्रकारात नेमका हातच महत्त्वाचा. अमेरिकन चित्रकार वॉल्टन फोर्ड भलीमोठी जलरंगचित्रं काढतो. कागद जुनाट दिसावा म्हणून त्याला डाग देतो, कडेला जुन्या वळणाच्या अक्षरांत टिपणं लिहितो. लांबून वाटतं, एकोणिसाव्या शतकातल्या निसर्ग-अभ्यासकाच्या पेटीतलं पान. जवळ गेलं की पक्षी-प्राण्यांच्या आडून शिकार, वसाहती आणि हाव दिसू लागते. त्या शैलीचा तो वेष घेतो आणि त्याच वेषातून तिची उलटतपासणी करतो.

फोर्ड मुख्यतः ज्याची उलटतपासणी करतो, तो एकोणिसाव्या शतकातला पक्षीचित्रकार जॉन जेम्स ऑड्युबॉन मात्र दोन्ही प्रकारांच्या सीमेवरचा. त्याच्या ४३५ छापील चित्रांच्या ग्रंथात पक्षी जिवंत आकाराचे हवेत, हा हट्ट. कागद सुमारे मीटरभर उंच, तरी रोहित पक्षी (फ्लेमिंगो) मावेना, म्हणून त्याची मान खाली वळवली. शास्त्राच्या हट्टापायी जमलेली ही कलाकुसर! घरट्यावर चढलेला सर्प आणि त्याच्यावर तुटून पडलेले पक्षी असलं नाट्यही त्यानं रंगवलं आणि त्यावरून टीका ओढवून घेतली.

तेव्हा पिवळा कागद आणि लॅटिन नाव यांवर जाऊ नका. हे चित्र घेऊन रानात गेलात तर झाड ओळखता येईल का, एवढं बघा. येत असेल तर पहिला प्रकार. नसेल, तर जिथे चूक दिसते तिथेच थांबून बघा, बहुधा चित्रकाराचं म्हणणं तिथेच असतं.

त्या पळसाचं तसंच होतं. चौथ्या पानाच्या शिरा जवळून पाहिल्या, तर त्या प्लॉटिंगच्या नकाशातले रस्ते होते, बारीक प्लॉट नंबरांसकट. सर निघताना पुन्हा तिथे थांबले. खिशातलं भिंग काढून नंबर वाचत बसले आणि मग म्हणाले, "शेंग मात्र बरोबर काढलीस हो. बी एकच, आणि तेही टोकाला."