गोळ्या देण्याआधी पाहायचा नकाशा

जंतांमुळे दृष्टी घालवणारा नदीअंधत्व हा रोग पसरवणाऱ्या काळ्या माश्या खळाळत्या पाण्यात वाढतात, म्हणून आफ्रिकेतल्या नद्यांकाठची गावं या रोगाने पोखरली. या रोगाच्या जंतांची सूक्ष्म पिल्लं आयव्हरमेक्टिनने मरतात. १९८७ पासून हे औषध फुकट मिळू लागलं. मग अडचण कुठे आली? मध्य आफ्रिकेच्या जंगलात.

तिथे लोआ लोआ नावाचा दुसरा जंत आहे. एका मिलिलिटर रक्तात त्याची ३०,००० हून अधिक पिल्लं असलेल्या माणसाने हीच गोळी घेतली, तर मेंदूला इजा होऊन तो बेशुद्ध पडू शकतो, दगावूही शकतो. म्हणजे गोळ्या वाटण्याआधी लोआ कुठे आहे हे कळायलाच हवं. पण ही पिल्लं रक्तात दिवसाच सापडतात. दुर्गम गावागावात जाऊन रक्त तपासायचं तरी किती?

इथे उपग्रह कामी आला. त्याला जंत दिसत नाही, पण जंताचं घर दिसतं. लोआ पसरवणारी माशी दाट झाडीच्या शेंड्यांवर राहते आणि सावलीतल्या चिखलात वाढते. हिरवं पान तांबडा प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोहोंच्या फरकावरून झाडी किती दाट आहे ते मोजता येतं. त्याला जमिनीच्या उंचीची आणि आधी तपासलेल्या गावांच्या आकड्यांची जोड दिली, की धोक्याचा पट्टा नकाशावर उमटतो. विषुववृत्तावर ढगांचा पडदा सारखा असतो, त्यामुळे अनेक दिवसांची चित्रं जुळवून एक स्वच्छ चित्र करावं लागतं.

नकाशा संशय दाखवतो, खात्री गावातच होते. त्यासाठीची पद्धत मला फार आवडते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून सरकणाऱ्या जंताचं छायाचित्र दाखवून विचारतात, ‘असं तुम्हाला कधी झालंय का?’ दहातल्या चार जणांनी ‘हो’ म्हटलं, तर ते गाव जास्त धोक्याचं. लोकांची आठवण इतकी विश्वासार्ह निघाली!

कॅमेरूनच्या ओकोला भागात अशाच दुष्परिणामांमुळे १९९९ मध्ये वाटप थांबवावं लागलं होतं. २०१५ मध्ये तिथे फोनला जोडलेल्या छोट्या सूक्ष्मदर्शकाने तपासणीला आलेल्या प्रत्येकाच्या बोटातल्या थेंबभर रक्ताची तपासणी झाली. लोआची पिल्लं फार निघालेल्या सुमारे २ टक्के लोकांना गोळी दिली नाही. बाकीच्या बहुतेकांना ती मिळाली आणि गंभीर दुष्परिणाम कोणालाच झाला नाही.