घटस्फोटित की पुनर्विवाहित? कम्युनियन नेमकं कुणाला नाही

कोर्टातला घटस्फोट सगळ्यांना कळतो. कॅथलिक चर्चने विवाह शून्य ठरवणं वेगळं: लग्नाच्या दिवशीच, बहुधा संमतीत, मोठा दोष होता, म्हणून ते लग्न मुळात वैध नव्हतंच, असा चर्चच्या न्यायालयाचा निकाल. मुलं त्यामुळे अनौरस ठरत नाहीत. एवढं पुरे.

खरा घोळ पुढे आहे, तो कम्युनियनचा, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत ख्रिस्ताचं शरीर मानून दिली जाणारी पवित्र भाकर घेण्याचा. ‘तिचा डिव्होर्स झालाय, आता तिला कम्युनियन चालत नाही,’ हे वाक्य वसई-मुंबईच्या कॅथलिक घरांत अजून ऐकू येतं आणि ते साफ चूक आहे. अडसर घटस्फोटाचा नाहीच. पहिला जोडीदार हयात असताना आणि पहिलं लग्न शून्य ठरलेलं नसताना दुसरं लग्न करून नवरा-बायकोसारखं राहणं, हा अडसर. त्यातही २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी प्रत्येकाची परिस्थिती वेगळी पाहायला सांगितलं. घटस्फोटानंतर एकटी राहणारी बाई मात्र वेदीपाशी इतरांइतक्याच हक्काने जाते. चर्चच्या १९९२ च्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथात तर स्पष्ट म्हटलंय की स्वतःचे कायदेशीर हक्क किंवा मुलांचा सांभाळ यांसाठी दुसरा मार्गच नसेल, तर कोर्टाचा घटस्फोट हा नैतिक अपराध नाही. शिवाय जोडीदार जिवावर उठला असेल, तर वेगळं राहण्याची मुभा चर्चच्या कायद्याचं ११५३ वं कलम देतं.

आणि आपण काय करतो? मार खाऊन बाहेर पडलेल्या बाईला शेवटच्या बाकावर बसवतो. व्यभिचार आणि हिंसा ही शिकवणीत गंभीर पापं आहेत, पण ती करणारा नवरा घर न मोडता रविवारी कम्युनियनच्या रांगेत उभा राहिला, तर त्याच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. आपण पाप नाही मोजत, चारचौघांत दिसणारा कागद मोजतो. देशाचा कायदाही बराच काळ असाच तिरका होता: ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे, बायकोला बहुधा व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. तो २००१ साली बदलला. पॅरिशमधली, म्हणजे आपल्या स्थानिक चर्चच्या मंडळींतली, कुजबूज बदलायला कुठल्याच दुरुस्तीची गरज नाही, नियम आधीपासूनच त्या बाईच्या बाजूने आहे. लग्नाआधीच्या शिबिरात विवाह अतूट असल्याचं शिकवतात, ते शिकवावंच. पण त्याच तासाला ११५३ वं कलमही मोठ्याने वाचून दाखवावं, मुलींच्या आई-वडिलांसमोर.