सिस्टरने कुणाला सांगायचे? एचआयव्हीच्या पहिल्या दिवसांतील शुश्रूषेची पार्श्वभूमी

सरकारी दवाखान्यातल्या ‘परामर्श एवं जांच केंद्र’ या पाटीपाशी इंदूरचा मराठी माणूस किंचित अडखळतो. मराठीत परामर्श घेतला जातो तो एखाद्या ग्रंथाचा, फार तर चुकलेल्या माणसाचा. हिंदीत परामर्श म्हणजे सल्ला. महाराष्ट्रात याच कामाला समुपदेशन म्हणतात, आणि रुग्ण दोन्हीकडे ‘काउन्सेलिंगवाल्या मॅडम’ म्हणून मोकळे होतात. रामबागेतल्या आजीबाईंना यातला कुठलाच शब्द नको असतो. त्या सरळ वॉर्डातल्या सिस्टरला गाठतात आणि विचारतात, “काय निघालं हो रिपोर्टात?” एचआयव्हीचे नव्याने निदान झालेल्या रुग्णाच्या शुश्रूषेचा आपल्याकडचा इतिहास बराचसा या प्रश्नाभोवतीच फिरला आहे.

1986 मध्ये मद्रासला भारतातले पहिले रुग्ण सापडले, 1992 मध्ये एड्स नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्या काळात नर्सला शिकवले गेले ते मुख्यतः स्वतःला कसे जपायचे. हातमोजे घाला, वापरलेल्या सुईला परत टोपण लावू नका. हे शिकवणे गरजेचेच होते. पण त्याच्या आडून केसपेपरवर लाल शाई आली, खाटेला वेगळी खूण आली. पुढे खूण करायची नाही असे ठरल्यावर ‘रेट्रो’ (रेट्रोव्हायरसवरून) आणि ‘आरव्हीडी’ (रेट्रोव्हायरल डिसीज) हे सांकेतिक शब्द आले. वॉर्डबॉयपासून शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकापर्यंत सगळ्यांना ते आठवड्याभरात कळत, त्यामुळे लपले काहीच नाही. रुग्णाला सांगण्यासारखेही तेव्हा फार नव्हते. तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांची काळजी, जुलाबात पाणी, खोकला रेंगाळला तर टीबीची तपासणी, बस.

1 एप्रिल 2004 पासून मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आवरणारी औषधे, सुरू झाली ती आधी जास्त प्रादुर्भावाच्या सहा राज्यांत आणि दिल्लीत. महाराष्ट्र त्या यादीत होता, मध्य प्रदेश नव्हता. आग्रा-मुंबई रस्ता इंदुरातून जातो आणि देवास नाक्याला ट्रकांची रांग असते, ही गोष्ट त्या यादीला माहीत नसावी. ज्याचे कुणी मुंबईला होते त्याला अवंतिका एक्सप्रेस होती, बाकीच्यांना थांबावे लागले. औषधे आली तेव्हा कुठे ‘रुग्णशिक्षण’ या शब्दात जीव आला. नेव्हिरापीन हे औषध पहिले चौदा दिवस दिवसातून एकदाच द्यायचे आणि अंगावर पुरळ उठते का पाहायचे. एफाव्हिरेन्झ झोपताना घ्यायचे, कारण चक्कर येते आणि भलती स्वप्ने पडतात. हे खास नर्सचे काम, आणि ते ती चांगले करते. कार्यक्रमाने मात्र बोलण्यासाठी काउन्सेलर हे वेगळे पद काढले. कागदावर सिस्टरकडे सुई उरली आणि जीभ दुसऱ्याकडे गेली. काउन्सेलर संध्याकाळी घरी जातात, रात्रपाळीला वॉर्डात सिस्टरच असते, हा तपशील कुठल्या तक्त्यात बसत नाही.

सगळ्यात मोठा गुंता गोपनीयतेचा. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका डॉक्टरचे प्रकरण आले. एका रुग्णासाठी रक्त देताना त्याला एचआयव्ही असल्याचे निघाले, रुग्णालयाकडून ती गोष्ट बाहेर गेली आणि ठरलेले लग्न मोडले. न्यायालयाने रुग्णालयाची बाजू धरली. होणाऱ्या बायकोचा जीव गोपनीयतेपेक्षा मोठा, असे म्हणून ते थांबले असते तरी वाद झालाच असता. पण अशा माणसाचा लग्नाचा हक्क स्थगित राहतो, असेही निकालात आले. लग्नाविषयीचे ते मत अनावश्यक होते, असे 2002 मध्ये मोठ्या पीठाने स्पष्ट केले. तोवर मधली चार वर्षे गेली होती. ‘कोर्टानेच सांगायला परवानगी दिलीय’ हे वाक्य वॉर्डांत रुजले आणि 2002 चा खुलासा तिथे फारसा पोचला नाही. कुणाला सांगायचे, कोणी आणि कधी, हा फरकच त्या वाक्यात बुडाला. मग ‘शेअर्ड कॉन्फिडेन्शियालिटी’ आली. उपचार करणाऱ्यांमध्ये वाटून घेतलेले गुपित, असा तिचा अर्थ. आपल्याकडे वाटून घ्यायला सासू, दीर आणि आत्याही हजर असतात.

2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला आणि त्याने रेघ ओढली. जोडीदाराला सांगण्याचा अधिकार फक्त डॉक्टर किंवा काउन्सेलरला. तोही, जोडीदाराला खरा धोका असेल, रुग्णाला स्वतः सांगण्यासाठी समजावून झाले असेल, तो सांगणार नाही अशी खात्री पटली असेल आणि ‘आता आम्ही सांगणार आहोत’ अशी पूर्वसूचना त्याला दिली असेल, तरच. रुग्ण बाई असेल आणि सांगितल्यामुळे तिला मारहाण होण्याची किंवा घराबाहेर काढले जाण्याची भीती असेल, तर सांगायचे नाही. हे शेवटचे कलम मला सगळ्यात शहाणपणाचे वाटते. नर्सला मात्र या कायद्याने पूर्ण गप्प केले आणि त्याच वेळी प्रश्नांसमोर उभेही ठेवले. आजीबाई विचारतात तिलाच. “ते डॉक्टरसाहेब सांगतील” हे उत्तरही पुष्कळ सांगून जाते, कारण साध्या मलेरियाला कोणी असे उत्तर देत नाही. अशा वेळी काय बोलावे, हे सराव करूनच शिकावे लागते.

दरम्यान औषध कधी सुरू करायचे हेही बदलत गेले. आधी सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारपेशींचा आकडा, 200 च्या खाली आल्यावर, मग 350. वर असेल त्याला ‘अजून वेळ आहे’ सांगून घरी धाडायचे. धार-झाबुआकडून मजुरी बुडवून आलेला माणूस एवढे ऐकून गेला की पुन्हा येईच असे नाही. 2017 पासून सीडीफोर न पाहता सगळ्यांना औषध. ही सुधारणा मोठी, यात शंका नाही. पण पूर्वी बातमी पचवायला महिने मिळत, आता त्याच आठवड्यात गोळी हातात येते. पहिल्या भेटीतच टीबीची लक्षणे विचारायची, रोजच्या गोळीची वेळ ठरवायची, आणि रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला व तसाच राहिला तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जात नाही, हेही सांगायचे. रडून झालेल्या माणसाच्या कानात यातले किती शिरते?

डोल्युटेग्राव्हिर हे औषध असलेली एकच गोळी आल्यापासून पुरळ आणि स्वप्नांची भाषणे आटली. त्या जागी सिस्टर आता विचारतात, बाटली घरात कुठे ठेवणार? बाटली हलली की खुळखुळते. कुणी लेबल खरवडून काढतो, कुणी गोळ्या कॅल्शियमच्या डब्यात ओततो. तेव्हा सिस्टर सांगतात, नका ओतू, दमटपणाने खराब होतील, त्यापेक्षा मूळ बाटलीतच राहू द्या.